एका मोजमापावरून निकाल नको

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. बफलो बिल्स संघाचा जॉश ॲलन २०१८ मध्ये नवखा होता. त्याने ३२० वेळा चेंडू फेकला. साथीदारांनी तो १६९ वेळा झेलला, म्हणजे ५२.८ टक्के. अनेकांनी त्याच्या नेमकेपणाविषयी शंका घेतली.

आता विचार करा. ३२० फेकींत निव्वळ योगायोगानेही सुमारे ३ टक्क्यांचा फरक सहज पडतो. २०१९ मध्ये प्रमाण ५८.८ टक्के झाले. ही प्रगती की योगायोग, हे तेवढ्यावरून ठामपणे सांगता आले नसते. २०२० मध्ये मात्र ५७२ पैकी ३९६, म्हणजे ६९.२ टक्के! एवढी उडी योगायोगाची नव्हे. पण त्याच वर्षी स्टेफॉन डिग्ज हा चेंडू झेलण्यात निष्णात खेळाडू संघात आला होता. मग श्रेय कोणाचे किती? प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या, की कारण वेगळे काढणे अवघड जाते.

म्हणून माझे मत असे, की नवख्याची पारख एका मोसमाच्या आकड्यावरून करू नये. मोजमापे अनेक घ्यावीत, त्यांतील त्रुटी ओळखावी आणि परिस्थितीही नोंदवावी. शिक्षकांनो, पहिल्या चाचणीच्या गुणांनाही हाच नियम लावाल ना?