पौर्णिमेला दुपारी बारा वाजता

आमच्या भागातल्या काही पोरांनी कोकणच्या मोटारसायकल सफरीचा आराखडा या आठवड्यात माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप: 'काका, फक्त एक नजर टाका, बाकी सगळं फायनल आहे.' रंगीत तक्ता आहे. मुक्काम कुठे, पेट्रोल कुठे, ड्रोन कोणत्या वळणावर उडवायचा, कॅमेरा कोणाच्या हेल्मेटवर, सगळं नोंदलेलं. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात एकच ओळ: 'दुपारी १२ ते २, निर्जन किनाऱ्यावर बीच रायडिंग'. त्या दिवशी पौर्णिमा आहे. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला कोकणात किनारा शिल्लक नसतो, पाणी पार सुरूच्या बनापर्यंत आलेलं असतं. तेव्हा ही मंडळी दोन तास गाड्या नेमक्या कशावर चालवणार, एवढंच मला विचारायचं आहे.

कोकणातला कोणताही जुना माणूस हे बोटांवर सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज हे वेळापत्रक सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. गावागणिक थोडा फरक पडतो, तो तिथल्या होडीवाल्याला विचारून घ्यायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. थोडक्यात पोरांनी दिवस चांगला निवडला आणि प्रहर घालवला. त्याच पौर्णिमेला पहाटे पाच-साडेपाचला सगळ्यात रुंद किनारा उघडा पडतो. त्या वेळेच्या रकान्यात मात्र 'विश्रांती' आहे. अमेरिकेत डेटोनाला १९३७ मध्ये मोटारसायकलींची मोठी शर्यत सुरू झाली, ती १९६० पर्यंत अर्धी डांबरावर आणि अर्धी समुद्राच्या वाळूवर व्हायची. तिची वेळसुद्धा ओहोटी बघूनच ठरायची. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असताना पोरांनी हवामानाची तीन ॲप्स उतरवून घेतली आहेत. तिथी त्यात नाही.

जाण्यायेण्याबद्दल फार बोलत नाही. जालन्याहून संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं हरिहरेश्वर गाठायचं म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एका दमात उरकायचा हट्ट सोडा, पुण्याच्या अलीकडे-पलीकडे रात्र काढा. एकाने 'समृद्धीने जाऊ' असंही सुचवलंय. बाळा, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. या विषयावर मी किती वेळा लिहिलंय ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. जमिनी इथल्या गेल्या, मुरूम इथला गेला, आणि इथला मोटारसायकलवाला पुलाखालून वर बघत जुन्या रस्त्याने जातो. असो.

वाळूकडे येतो, कारण खरा राग तिथला आहे. आराखड्यात 'सँड ट्रेनिंग' असं एक कलम आहे आणि त्यासाठी बाहेरगावच्या कुठल्याशा शिबिराची फी धरली आहे. अरे, अंबड, घनसावंगी, परतूर या तीन तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. वाहते म्हणजे, जायकवाडीतून सोडलं तर वाहते. वाळूत वाहन कसं चालवावं हे शिकवणारं याहून मोठं विद्यापीठ महाराष्ट्रात नाही, फक्त त्याचे वर्ग रात्री भरतात. दिवे बंद, ट्रॉली भरलेली, मागे महसूलचं पथक, अशा अवस्थेत नदीपात्रातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला कोणता शिबिरवाला काय शिकवणार? २०२३ मध्ये सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा केली तेव्हा या विद्यार्थ्यांच्या भवितव्याची मला काळजी वाटली होती. काळजीचं कारण नव्हतं.

अशाच एकाला मी मागे विचारलं होतं, वाळूत गाडी अडकू नये म्हणून काय करावं. म्हणाला, "वाळूत थांबला की बसला. आन् आत शिरायच्या आधी बाहेर निघायचं कुठून ते बघून ठेवावं." शिबिराची फी इथेच वसूल झाली.

पण गोदावरीच्या या शिक्षणात एक मोठी गोम आहे, आणि आमच्याकडची पोरं समुद्रावर जाऊन फसतात ती तिच्यामुळेच, असं माझं मत आहे. नदीची वाळू भरड. पूर येतो, तो ती वर्षातून एकदा पसरतो आणि निघून जातो. मग महिनोन्‌महिने ती उन्हात सुटी पडून राहते. चाक रुततं, पण सगळीकडे सारखंच रुततं, त्यामुळे अंदाज येतो. धोका असतो तो ओलीत. जिथे वाळू ओली दिसते तिथे खाली पाणी, आणि पाणी आहे तिथे बहुधा पोकलेनने किंवा केनीने केलेला खड्डा, वरून गाळ बसून सपाट झालेला. दरवर्षी माणसं बुडतात ती अशाच खड्ड्यांत. म्हणून नदीकाठचा माणूस ओलीला भितो आणि कोरडीकडे वळतो. ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

समुद्रावर हेच उलटं. तिथली वाळू बारीक, आणि ती पसरून, दाबून सपाट करायला पाणी दिवसातून दोनदा येतं. ओहोटी सरत जाते तसा मागे एक ओला पट्टा उरतो. त्यात कणाकणांमध्ये जेमतेम धरून ठेवण्यापुरतं पाणी असतं, म्हणून तो टणक. चाकाचा ठसा उमटतो, पण चाक आत जात नाही. याच्या वर, भरतीच्या रेषेपलीकडे, कोरडी भुसभुशीत वाळू, तिथे आपली गोदावरीच. आणि खाली, लाटेच्या अगदी कडेला, पाण्याने तुडुंब भरलेली वाळू. तिच्यावरून गाडी जाते, थांबत मात्र नाही. थांबलात की मागचं चाक स्वतःच खड्डा करून घेतं. खाडीच्या तोंडाशी आणि वहाळ येऊन मिळतो तिथे तर चालत जाऊन पाय रोवून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. आता आमचं पोरगं किनाऱ्यावर उतरतं, ओली दिसली की बिचकतं आणि 'सेफ' म्हणून वरच्या कोरडीत गाडी घालतं. ती बसते. मग घाबरून खाली घेतं ते थेट लाटेत. मधला चांगला पट्टा दोन्ही वेळा ओलांडून जातं!

दुसरा फरक वेळेचा. गोदावरीत अडकलात तर सकाळपर्यंत बसून राहता येतं. नदी कुठे जात नाही, पाणी सुटणार असेल तर भोंगा वाजतो, आणि काढायला कोणाचा तरी ट्रॅक्टर मिळतोच. समुद्रात अडकलेल्या गाडीकडे सहा तासांच्या आत पाणी परत येतं, तेही न सांगता. लाटांत निम्मी बुडालेली जीप आणि भोवती हताश मंडळी, असल्या चित्रफिती दर मोसमात तुमच्या फोनवर येतात ना? त्यातले बहुतेक जण चढत्या पाण्यात उतरलेले असणार. पाणी मागे जात असताना उतरावं आणि ते फिरायच्या आत डांबरावर यावं. उतरत्या पाण्यात गाडी बसली तरी काढायला हातात वेळ असतो. सगळ्या नियोजनाचं मर्म एवढंच आहे, बाकी जॅकेटचा रंग कोणताही चालेल.

आणि मीठ. गोदावरीचा गाळ महिनाभर अंगावर वागवला तरी गाडी बोलत नाही. खारं पाणी चेन, ब्रेक, वायरिंग, रिम सगळं खातं, म्हणून त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं, चेनला तेल देणं. आराखड्यात यासाठी शून्य मिनिटं आहेत.

आता माझं नेहमीचं रडगाणं. पोरांकडे २०० किलोच्या घरातल्या ॲडव्हेंचर गाड्या आहेत, त्यांना तिन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पेट्या. वाळूत वजन हा शत्रू. ११२ किलोची स्प्लेंडर ज्या वाळूत दोघं उचलून बाजूला ठेवतील, तिथे या हत्तीला गावकरी बोलवावे लागतात. माझ्या मते या जगातल्या कोणत्याही सफरीला स्प्लेंडर पुरते. याला पुरावा विचारू नका, आमच्याकडच्या दूधवाल्यांकडे बघा. मोठीच गाडी न्यायची असेल तर पेट्या खोलीवर उतरवून ठेवा, टायरमधली हवा २० पौंडांच्या आसपास आणा, आणि परत भरायला पायपंप सोबत घ्या. हवा कमी ठेवून डांबरावर पळालात तर टायर आणि रिम दोन्ही जातील. वजन मागे, ॲक्सिलरेटर एकसारखा, पुढच्या ब्रेकला हात नको. साइड स्टँडखाली लाकडाची फळी.

राहिला प्रश्न, मुळात वाळूत उतरावं का. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदीच आहे. कोकणातही अनेक ठिकाणी मनाई आहे आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केलेले आहेत. केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला सुमारे ४ किलोमीटरचा किनारा वाहनांसाठी खुला आहे. तेवढीच हौस असेल तर तिकडे जा. आपल्याकडे आधी ग्रामपंचायतीत विचारा. हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी बैलगाड्या होड्यांपर्यंत जातात, त्या कामासाठी जातात. तुम्ही चाललात धुरळा उडवायला. ग्रामपंचायतीने 'नाही' म्हटलं तर हुज्जत घालू नका.

सागरी सफरीची खरी मजा तशीही वाळूत नाही, जंगलजेटींत आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड: खाडी आली की गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरून समुद्राच्या कडेने पुढे जायचं. या खाड्यांवर पूल होणार हे मी लहानपणापासून ऐकतो आहे. सरकारी कारभाराचा फायदा मोटारसायकलवाल्याला झाल्याचं हे एकमेव उदाहरण, तेव्हा पूल होण्याआधी जाऊन घ्या.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे अंडी घालतात, ती भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत, म्हणजे नेमकी तुमची गाडी उतरते त्या जागी. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. चाकांनी पडलेल्या चरात पिल्लू पडलं तर त्याला समुद्रापर्यंत पोचता येत नाही. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी राखली, त्यातून आंजर्ले, गुहागरपर्यंत काम पसरलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. म्हणून नोव्हेंबर ते मे वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर इथल्या वाळूत चाक घालू नका. गाड्या रस्त्यावर लावा आणि खाली चालत जा.

— फटफटीवाला, जालना