चूल एक, कार्डं दोन

फुलंब्रीत कुटुंब चुलीवरून मोजतात. भाऊ वेगळे निघाले, चूल वेगळी झाली, की मागोमाग रेशनकार्डही वेगळं होतं. विमा कंपनीला चुलीशी देणंघेणं नाही. तिच्या ‘फॅमिली फ्लोटर’मध्ये नवराबायको, मुलं आणि फार तर आईवडील, कुठे सासूसासरे बसतात; त्याच घरात जेवणारा धाकटा दीर आणि जाऊ बहुतेक पॉलिसींत बाहेरच राहतात.

परदेशातला मुलगा मात्र फोनवर भावाला सांगून मोकळा होतो, ‘सगळ्यांचा मिळून एकच काढ, पैसे मी पाठवतो.’ त्याला हप्ता एक, तारीख एक, कटकट नाही.

कटकट पुढे असते. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या वयावर बेततो. समजा, गावातला भाऊ ३६चा, वहिनी ३२ची, दोन लेकरं आणि ६८ वर्षांचे मधुमेही वडील, अशी १० लाखांची एक पॉलिसी आहे. हप्ता ठरणार तो ६८च्या हिशेबाने. वडिलांच्या बायपासवर ७ लाख गेले, तर वर्षअखेरपर्यंत पाचही जणांना मिळून उरले ३ लाख. त्यात पावसाळ्यात एखाद्या लेकराला डेंग्यू झाला तर? संपलेली रक्कम पुन्हा भरून देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण तीच व्यक्ती, तोच आजार असेल तर काय, हे बारीक अक्षरांत पाहावं लागतं.

म्हणून भावाच्या चौकोनी संसाराला फ्लोटर आणि आईवडिलांची प्रत्येकी स्वतंत्र पॉलिसी, हीच वाटणी शहाणपणाची. सुरुवातीला महाग पडते, हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर, दोन्ही प्रकारच्या पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत एप्रिल २०२४मध्ये ४८ महिन्यांवरून ३६वर आली. तरी तीन वर्षं ती तीन वर्षंच. साठीतल्या वडिलांची पॉलिसी पुढच्या वर्षावर ढकलणं त्यामुळेच अंगाशी येतं.

गंमत म्हणजे सरकारलाही हीच वाटणी करावी लागली. २०१२मध्ये सुरू झालेल्या, आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. पिवळ्या-केशरी कार्डांसोबत शेतीसंकटातल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं गेलं. औरंगाबाद (आताचं संभाजीनगर) त्या चौदांत असल्याने फुलंब्रीचा बागायतदारही सातबारा घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभा राहू शकला. पुढे मर्यादा ५ लाख झाली आणि कार्डाच्या रंगाची अट गेली. रक्कम मात्र कुटुंबाची, म्हणजे फ्लोटरच.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वेगळं ‘वय वंदना’ कार्ड काढलं. उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर म्हाताऱ्यांच्या वाट्याला आणखी ५ लाख, त्यात सून-नातवंडांची वाटणी नाही. आजीआजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. उपचार अर्थात योजनेतल्या रुग्णालयांतच आणि ठरलेल्या आजारांवरच होतात, तेव्हा संभाजीनगरातलं नेहमीचं रुग्णालय यादीत आहे का, हे आजारपणाआधीच बघितलेलं बरं.

वय आधारकार्डावरचंच धरतात, आणि तिथे घोळ असतो. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख अजून कित्येकांना चिकटलेली आहे. दुसरा घोळ मोबाइलचा. नोंदणीचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर आणि बऱ्याच घरांत तो नंबर परदेशी गेलेल्या मुलाचा जुना, केव्हाच बंद पडलेला असतो. दिवाळीला गावी जाणाऱ्या मुलांनी फराळाआधी वडिलांना घेऊन आधार केंद्र गाठावं.