पत्रा जोडणारा हात गावात हवा



मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडले आणि पाहतो तर बियाण्याच्या पेटीचा तळ कोपऱ्यात उसवलेला. दाणे नळीत जाण्याऐवजी धुऱ्यावरच सांडू लागतात. गावातल्या वेल्डरने रॉड टेकवला की चिरेच्या जागी भोक पडते. यात त्याचा दोष नाही. अडीच मिलिमीटरचा रॉड साठेक अँपिअरच्या खाली धड पेटत नाही. पेटीचा २० गेजचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर, त्याला चाळीसच्या आसपास पुरतात.

मग तालुक्याच्या खेपा. कोरडवाहूत हे दिवस फार महाग पडतात. खरीप ज्वारी पावसानंतर आठ-दहा दिवसांत पेरली तर खोडमाशीच्या तावडीतून बरीचशी सुटते. पेरा लांबला की पोंगेमर ठरलेली. नव्या यंत्राच्या अनुदानाची चर्चा पारापारावर होते, दुरुस्तीची कोणी करत नाही.

आपल्यासारख्यांच्या कापसाचे सूत ज्या भिवंडीत मागावर चढते, तिथे मानकोली, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात आज गोदामांची रांग लागली आहे. मुंबईची जकात २०१७ साली संपली, पण ती टाळायला हद्दीबाहेर आलेला माल तिथेच राहिला. गोदामांमागून शटर, रॅक, टेम्पोच्या बॉड्या आल्या. ही पत्र्याची कामे, आणि त्यांना सोयीचे ते सीओटू वेल्डिंग. आपल्याकडचे पोरगे अशा ठिकाणी गेले तर पाठीवर पोती वाहते. माझे म्हणणे एवढेच, की गेलाच आहे तर गन धरायला शिकून परत यावे.

काम अवघड नाही. ०.८ मिलिमीटरची तार रिळावरून आपोआप सरकते, गनच्या तोंडून सुटणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. नवशिक्या चुकतो तो सलग ओढण्यात. पत्रा तापतो, वाकतो, शेवटी गळतो. बोट-दोन बोटांवर एकेक टिपका द्यावा. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मध्ये पत्रा निवू द्यावा. मग टिपक्यांमधली जागा तशीच थोडी थोडी भरावी. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि सांध्याला चिकटतही नाही. रंग, गंज आधी घासून काढावा. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण ठिणग्या फार. आर्गॉन मिसळलेला वायू पातळ पत्र्यावर शांत चालतो. खळ्यात उघड्यावर वारा वायू उडवून नेतो आणि सांध्यात छिद्रे राहतात, म्हणून आडोसा हवाच.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच जाळू नये. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. डिझेलची किंवा फवारणीच्या औषधाची टाकी तर कोणी शिकाऊ पोराच्या हाती देऊ नये. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिचा भडका उडतो.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, ज्याला जमेल त्याने तो जरूर करावा. गावठाणाच्या सिंगल फेजवर चालणारी लहान मशीनही मिळतात. दहा-पंधरा घरांनी मिळून एक घ्यावे. या बैठकीत प्रत्येक गावाने एका पोराचे किंवा पोरीचे नाव द्यावे. वेचणी आटोपली की भंगारातल्या पत्र्यावर सराव सुरू केला, तर मे संपेपर्यंत हात बसतो.