शिफारशीपुरताच अधिकार

पोलिसांच्या कोठडीत एखादा मनुष्य मरण पावला, तर त्याची खबर चोवीस तासांच्या आत दिल्लीस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे पोचलीच पाहिजे, असा दंडक या आयोगाने १४ डिसेंबर १९९३ रोजी घालून दिला. खबर वेळेवर आली नाही, तर प्रकरण दडपण्याचा यत्न झाला असे गृहीत धरले जाईल, असेही त्याने बजावले. आयोग स्थापन होऊन त्या वेळी पुरते तीन महिनेही झाले नव्हते. पुढे १९९५ साली कोठडीतील मृताच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करून ते आपल्याकडे धाडावे, अशी सूचना त्याने राज्यांना केली. कोठडीच्या भिंतीआड काय घडले याचा मागमूस जेथे पूर्वी बाहेर लागत नसे, तेथे निदान एक नोंद होऊ लागली, हे या संस्थेचे श्रेय कोणी नाकारू नये.

परंतु नोंद झाल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न आज तीस वर्षे उलटल्यावरही तसाच उभा आहे. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याने आयोगास दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. तो साक्षीदारांना पाचारण करू शकतो, त्यांना शपथेवर तपासू शकतो, सरकारी दप्तरातील कागद मागवू शकतो. एवढा थाट करून चौकशी संपली, दोष कोणाचा हे ठरले, की आयोगाच्या हाती उरते ती केवळ शिफारस. भरपाई द्यावी, खटला भरावा, असे त्याने सरकारास सुचवावयाचे आणि सरकारने महिन्याभरात आपला अभिप्राय कळवावयाचा. दोषी जेव्हा सरकारचाच नोकर असतो, तेव्हा या अभिप्रायाचा सूर काय असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. सैन्यदलांच्या बाबतीत तर तेवढीही मुभा नाही. तेथे आयोगाने केंद्र सरकारकडे अहवाल मागावा आणि त्या अहवालावरच समाधान मानावे किंवा शिफारस करावी, अशी कलम १९ ची व्यवस्था आहे. मणिपुरातील चकमकींच्या खटल्यात आपण दात नसलेला वाघ झालो आहोत, अशी कैफियत खुद्द आयोगानेच सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, आणि २०१७ च्या निकालपत्रात तिची दखल घेतली गेली.

तथापि सारा दोष कायद्याच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. याच कायद्याच्या आधाराने या आयोगाने काय करून दाखविले, याचा पुरावा मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर आहे. १ मार्च २००२ रोजी बडोद्याच्या बेस्ट बेकरीत चौदा जणांची हत्या झाली आणि २००३ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयातून सर्व एकवीस आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक उलटले होते. त्या वेळी आयोगाने शिफारशीचा कागद पाठवून हात झटकले नाहीत. तो स्वतःच अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २००४ मध्ये फेरसुनावणीचा आणि तीही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, व्हावी असा हुकूम झाला. मुंबईच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप सुनावली. (पुढे अपिलात काही जण सुटले, हा भाग निराळा.) कायदा तोच होता. संबंधित न्यायालयाकडे दाद मागण्याची मुभा त्यात आजही आहे. ती वापरण्याची उमेद दिसावयास हवी.

उलट पंजाबचे प्रकरण पहा. अमृतसर जिल्ह्यात बेवारस म्हणून जाळलेल्या २,०९७ प्रेतांचा हिशेब केंद्रीय अन्वेषण विभागाने लावला, आणि पुढील काम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात आयोगाकडे सोपविले. वर्षाहून जुन्या घटनेची चौकशी आयोगास करता येत नाही, असे कायद्याचे कलम पुढे करून सरकारने आडकाठी घातली. न्यायालयाने १९९८ साली ती दूर केली. इतके बळ पाठीशी असता आयोगाने आपली चौकशी त्या एका जिल्ह्यातील अंत्यसंस्कारांपुरतीच आखडून घेतली. वर्षांमागून वर्षे सुनावण्या झाल्या आणि अखेर नातलगांच्या हाती पडली ती भरपाई. आपला मुलगा घरातून कोणी नेला आणि कोणाच्या हुकुमाने मारला, हे ज्या आईला हवे होते, तिला सरकारने पैसे मोजले. ते पैसेही गुन्हेगाराच्या खिशातले नव्हते, तुम्हां-आम्हां करदात्यांच्या तिजोरीतले होते. भरपाई नको असे आमचे म्हणणे नाही. कर्ता पुरुष गेलेल्या घराला तिची गरज असतेच. पण भरपाई दिली की फाईल बंद, ही जी वहिवाट पडली आहे, तिच्यामुळे कोठडीतील मृत्यू ही शासनाच्या दृष्टीने अंदाजपत्रकातील एक किरकोळ खर्चाची बाब ठरते.

चौकशी करणारे हात कोणाचे, हाही प्रश्न आहे. आयोगाचा महासचिव केंद्र सरकार देते आणि तपासाचे अधिकारीही तेच पुरविते. ते पोलीस खात्यातून येतात आणि मुदत संपली की बहुधा त्याच खात्यात परततात. ज्या विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका तपासावयाची, त्यांच्याच वर्गातून परीक्षक निवडण्यासारखे हे आहे. असा निकाल पालकांनी मान्य करावा काय? अध्यक्षांची निवड करणाऱ्या सहा जणांच्या समितीतही पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभेचे सभापती व राज्यसभेचे उपसभापती मिळून बहुमत सत्तापक्षाकडे सहज झुकते. डिसेंबर २०२४ मधील निवडीच्या वेळी दोन्ही सभागृहांच्या विरोधी पक्षनेत्यांनी असहमतीची टिपणी जोडली, परंतु निवडीत त्यामुळे फरक पडला नाही. मानवाधिकार संस्थांच्या जागतिक संघटनेच्या मान्यता-समितीने २०२३ व २०२४ साली आपल्या आयोगाची फेरमान्यता लांबणीवर टाकली आणि मार्च २०२५ मध्ये त्याचा दर्जा 'अ' वरून 'ब' वर उतरविण्याची शिफारस केली. त्यामागे मुख्यतः हीच कारणे होती. परकीयांनी आम्हांस शिकवू नये, असे म्हणून या आक्षेपांची वासलात लावता येणार नाही. हेच आक्षेप या देशातील लोक त्याआधीपासून घेत आले आहेत.

शिफारशी बंधनकारक केल्या तर आयोग हे न्यायालयावरचे न्यायालय होईल, असा एक युक्तिवाद आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२१ साली राज्य आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. तो सर्वत्र लागू व्हावा की नाही, याविषयी विधिज्ञांत मतभेद असू शकतील. आमचे मागणे त्याहून साधे आहे. शिफारस नाकारण्याची कारणे संसदेपुढे ठेवावीत, असे मूळ कायद्यातच आहे. फक्त ती किती दिवसांत ठेवावीत, याविषयी तेथे अवाक्षर नाही. त्यामुळे वार्षिक अहवाल आणि सरकारची टिपणे सवडीने येतात आणि तोवर तक्रारदार थकलेला असतो, अधिकारी बढतीवर गेलेला असतो. ही मुदत कायद्याने बांधून द्यावी. नकाराचे कारण मृताच्या कुटुंबाला लेखी कळवावे. तपासाचे कर्मचारी आयोगाने स्वतः निवडावेत आणि एका वर्षाची अट कोठडीतील मृत्यूंपुरती तरी काढून टाकावी. २०१९ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सभासदांची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणण्यास संसदेस वेळ मिळाला. या गोष्टींना तो मिळाला नाही.

महाराष्ट्रातून लोकसभेवर अठ्ठेचाळीस सभासद निवडून जातात. आपल्या राज्यातील किती प्रकरणांत आयोगाने खटला भरण्याची शिफारस केली, त्यांपैकी किती नाकारल्या गेल्या आणि कोणत्या कारणास्तव, एवढा एक प्रश्न येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी कोणीही, पक्ष कोणताही असो, सभागृहात लेखी विचारावा. उत्तर आले तर ते आम्ही याच जागी छापू.