सूज उतरली, पण आजार गेला का?

सांधे धरले की कुणीतरी हमखास सुचवते, ‘अमक्याच्या पुड्या घ्या, दोन दिवसांत चालायला लागाल.’ कित्येकांना तसा गुणही येतो. असा झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी.

स्टेरॉइड करते तरी काय? इजा किंवा जंतुसंसर्ग झाला की पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटते. त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने तयार होतात. लाली, सूज, ठणका, दमेकऱ्याची आवळलेली श्वासनलिका यांत त्यांचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन यातील प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवते. स्टेरॉइड थेट पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांचे काम बदलते. त्यामुळे मुळात आम्लच कमी सुटते आणि सूज वाढवणारी इतर प्रथिनेही कमी बनतात. एक नळ बंद करणे आणि टाकीची चावीच फिरवणे, एवढा हा फरक!

परंतु सूज ही शरीराची संरक्षणाची फळीही आहे. ती दुबळी झाली की जंतूंना रान मोकळे मिळते. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे मृत्यू घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. २०२१ साली आपल्याकडे काळ्या बुरशीने गाठलेल्यांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. औषध तेच, कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सारे अवलंबून.

दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, चेहरा गोल सुजल्यासारखा दिसतो. शिवाय शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. म्हणून बरेच दिवस चाललेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते.

तेव्हा वाचकहो, नाव नसलेली पुडी घेऊ नका. औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. मात्र डॉक्टरांनी दिलेला दम्याचा फवारा ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून टाकूनही देऊ नका. त्यातील अल्प मात्रा थेट श्वासनलिकेत पोचते. स्टेरॉइडला भिण्याचे कारण नाही, पण ते डोळे झाकून घेण्याचे औषध नव्हे.