रोपावरची साडी आणि तीन मजली केक



नाटे गावातील माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर चाललेले बोलणे कान देऊन ऐकण्याची मला जुनी सवय आहे. खुर्चीत बसलेला रुग्ण दुखणे सांगतो. बाकावर मात्र तो आपले जगणे सांगतो. मागच्या आठवड्यात तेथे दोन आजी शेजारी बसल्या होत्या. एक निफाडकडे दिलेल्या लेकीकडून नुकत्याच परतलेल्या, तर दुसरींच्या नातवाचे लग्न मुंबईत ठरलेले.

“तिकडची थंडी विचारू नका वहिनी,” पहिल्या सांगत होत्या. “पहाटे गवतावर दंव गोठलेलं! लेकीच्या अंगणातल्या कढीलिंबावर मी रोज रात्री जुनी साडी पांघरत होते.”

“आमच्याकडे तीन मजली केक आणणार आहेत,” दुसऱ्या म्हणाल्या. “मी म्हटलं, आपलं तवशाचं धोंडस काय वाईट? खाली निखारे, वर निखारे. तो आपला केकच. पण नातवाचा आग्रह मोडवत नाही. त्या दिवशी साखरेच्या दोन गोळ्या घेईन, झालं!”

दोघी हसल्या. मी मात्र हातातील काम ठेवून त्यांना आत बोलावले.

आधी कढीलिंबाविषयी. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडत राहते. पानावरचे दंव गोठते, पानाच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी मोडतात. म्हणूनच निफाड भागातील द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी देतात. साडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. जमिनीची ऊब धरून ठेवते. त्यासाठी ती जमिनीपर्यंत टेकलेली हवी आणि ऊन आल्यावर काढून घ्यायला हवी. आपल्या किनाऱ्यावर समुद्रामुळे एवढी थंडी पडत नाही. उलट हापूसला मोहोर यावा म्हणून आपण थंडीची वाट पाहतो.

परंतु झाडाला मानवणारी थंडी वृद्ध शरीराला मानवेलच असे नाही. वयाबरोबर त्वचेखालची चरबी विरळ होते, स्नायू कमी होतात, अंगाला पुरेसे कापरे भरत नाही आणि गारठा जाणवतोही उशिरा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. म्हणून पहाटेच्या अंधारात फिरायला निघू नये. ऊन अंगणात उतरू द्यावे. एका जाड शालीपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. कानटोपी आणि मोजे विसरू नयेत. रात्री उठावे लागते म्हणून दिवसभर पाणी टाळणेही बरे नव्हे. संध्याकाळनंतर तेवढे कमी करावे.

निफाडहून परतलेल्या आजी मुळात टाचेवरचा फोड दाखवायला आल्या होत्या. गरम पाण्याची पिशवी रात्रभर पायाशी होती; भाजले ते कळलेच नाही. पंचवीस वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली होती. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी पिशवीने अंथरूण आधी गरम करावे आणि निजण्यापूर्वी ती काढून ठेवावी. शेकोटीपासूनही पाय लांब ठेवावेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कोणीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो.

आता केक. मैदा, साखर आणि स्निग्धांश यांचा तो मेळ आहे. धोंडसात गूळ असतो, परंतु गुळानेही रक्तातील साखर चढतेच. त्या भ्रमात राहू नये. तरीही नातवाच्या लग्नात आजीने तोंड गोड करू नये, असे मी म्हणणार नाही. दोन घास घ्यावेत आणि त्या जेवणात जिलेबी सोडावी, भात निम्मा करावा.

मला काळजी होती ती दुसऱ्या गोळीची. केकची साखर काही तासांत ओसरते. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो. त्यात लग्नाचा मुहूर्त लांबतो, पंगत उशिरा बसते. गोळी पोटात आणि पोट रिकामे, अशी वेळ आली की साखर धोकादायक रीतीने उतरते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. घरचे मात्र “दगदग झाली, पडू द्या जरा” म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग काही खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. मुलांनो, सुनांनो, लग्नघरी आजीच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा आणि साखरेची पुडी आहे ना, हे पाहणे तुमचे काम. गोळीची वेळ व मात्रा आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

टाचेला पट्टी बांधून झाल्यावर मी पहिल्या आजींना विचारले, “रोपाला साडी पांघरलीत, आणि तुमचे मोजे कुठे आहेत?” त्या म्हणाल्या, “लेकीने दिलेत हो. नवे आहेत म्हणून ठेवून दिलेत.”

दुसऱ्या आजी दारापर्यंत जाऊन परत वळल्या. “डॉक्टर, दोन घास ना? मग एक खालच्या मजल्यावरचा घेईन आणि एक वरच्या.”

मी होकार दिला. गोळी मात्र एकच.