पिवळा दिवा
ओळखीच्या एका छापखान्यात जिन्याखाली फायर अलार्मचं पॅनेल आहे. चार झोन, चार तांबडे दिवे. ही जुन्या पद्धतीची यंत्रणा घर नंबर सांगत नाही, फक्त गल्ली सांगते. झोन तीनचा दिवा लागला की कागदाच्या गोदामातला नेमका कोणता डिटेक्टर बोंबलतोय, ते आपणच धावत जाऊन बघायचं. छोट्या जागेला तेवढं पुरतं, खिशालाही परवडतं. मला कौतुक वायरच्या शेवटच्या टोकाला बसवलेल्या चिमुकल्या रेझिस्टरचं. त्यातून सतत किंचित करंट वाहतो. उंदरानं वायर तोडली की तो थांबतो आणि फॉल्टचा पिवळा दिवा लागतो. इथे तो दिवाळीपासून लागलेलाच आहे. बझर मालकांनी बंद करून टाकलाय, डोकं उठतं म्हणे. आणि रंगकामाच्या वेळी डिटेक्टरांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या अजून तशाच!